फोटोतला डोंगर कुठला? निसर्गचित्रावरून ट्रेकची जागा शोधण्याची पद्धत

डोंगराचा फोटो समोर आला की पहिली पाच मिनिटं कुठलंही नाव घ्यायचं नाही. हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो. "हे स्वित्झर्लंड दिसतंय" असं एकदा तोंडातून निघालं की पुढे डोळे फक्त स्वित्झर्लंडच शोधत राहतात. न जुळणारं झाड दिसेनासं होतं, वेगळ्या जातीचा खडक दिसेनासा होतो, आणि दोन तासांनी आपण चुकीच्या देशातल्या दऱ्या चाळत बसलेले असतो.

शहरातल्या फोटोत पाट्या असतात, गाड्यांच्या नंबरप्लेट असतात, विजेचे खांब असतात. रानातल्या फोटोत हाताशी असतात खडक, झाडं, पाणी, बर्फ आणि उजेड. तेवढ्यावरही जागा सापडते. बऱ्याचदा फोटो काढणारा कुठल्या सोंडेवर, पायवाटेच्या कुठल्या वळणावर उभा होता इथपर्यंत पोचता येतं. शिखराचं नाव सांगितलं म्हणजे काम अर्धंच झालं. उभं राहण्याची जागा नकाशावर ठेवता आली, तरच उत्तर सिद्ध झालं असं मी मानतो.

सगळा लेखभर एकच फोटो डोळ्यांसमोर धरू. पुढे हिरवागार गवताळ उतार आणि त्यातून जाणारी मळलेली पायवाट. वाटेच्या कडेला वेड्यावाकड्या खोडाची, माणसाच्या उंचीपेक्षा थोडी मोठी, विखुरलेली झाडं. मागे पायऱ्यापायऱ्यांची काळपट, प्रचंड भिंत, धनुष्यासारखी आत वळलेली. माणूस नाही, पाटी नाही.

आधी फोटो तपासा, डोंगर नंतर

मूळ फाइल मिळाली असेल तर तिच्यातली माहिती उघडून पाहा. समाजमाध्यमांवरून आलेल्या फोटोतून ही माहिती बहुधा काढून टाकलेली असते, पण मेलने किंवा थेट मिळालेल्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लेन्सची फोकल लेंग्थ (मिलिमीटरमधला आकडा; तो जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) शिल्लक असू शकते. वेळेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. प्रवासाला गेलेले लोक कॅमेऱ्याचं घड्याळ बदलायला विसरतात. फोकल लेंग्थ मात्र लिहून ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

मग फोटो उलटा तर नाही ना, ते पाहा. छपाईत, वॉलपेपरमध्ये, सजावटीच्या चित्रांत डावं-उजवं बदललेले फोटो सर्रास सापडतात. कपड्यावरची अक्षरं, सॅकवरचं नाव, पाटीचा कोपरा असं काही असेल तर लगेच कळतं. काहीच नसेल तर एक आरसा-प्रत करून शेजारी ठेवा आणि शोध दोन्हींवर चालवा. मी एकदा दोन संध्याकाळी एका कातळकड्याची आकाशरेषा, म्हणजे आकाशाला भिडणारी वरची कड, जुळवत घालवल्या. जवळजवळ जुळायची, पण पूर्ण कधीच नाही. फोटो उलटा केला आणि दहा मिनिटांत जागा सापडली.

तिसरी गोष्ट लेन्सची. २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या फोटोत दूरचं शिखर झोपडीच्या मागेच उभं असल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते ४० किलोमीटर लांब असू शकतं. पुढच्या झाडापेक्षा मागचा डोंगर अवाढव्य दिसत असेल, तर शिखराच्या पायथ्याशी शोधू नका, लांबच्या समोरच्या रांगेवर शोधा.

खडक सगळ्यात कमी फसवतो

झाडं माणूस लावतो, बर्फ येतो-जातो, रंग फोटो संपादित करताना बदलतात. खडकाची ठेवण बदलत नाही, म्हणून मी सुरुवात तिथूनच करतो.

पायऱ्यापायऱ्यांचे काळे कडे म्हणजे बहुधा लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. कठीण थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजून गवताची पट्टी होते. अशी ठेवण जगात ठरावीक ठिकाणीच मोठ्या प्रमाणावर आहे: दख्खनचं पठार आणि सह्याद्री, इथिओपियातले सिमिएन डोंगर, दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोमधला ड्रॅकेन्सबर्ग, आइसलंड, फेरो बेटं, अमेरिकेतलं कोलंबिया नदीचं खोरं. आपल्या फोटोतली भिंत या यादीत बसते, आणि कुठलंही नाव न घेता जवळजवळ सगळं जग बाजूला पडलं.

फिकट, करडे, उभ्या भेगांचे सुळके आणि खाली दगडगोट्यांचे उतार असतील तर ग्रॅनाइट आणि डोलोमाइट यांत फरक करायला शिका. ग्रॅनाइट मोठ्या, गुळगुळीत, अखंड पाट्यांनी तुटतो, उदाहरणार्थ योसेमिटी किंवा पातागोनियातलं फिट्झ रॉय. डोलोमाइटमध्ये आडवे थर दिसतात. कड्यांच्या कडा खरखरीत, चावल्यासारख्या असतात आणि खाली पांढुरक्या खडीचे पंखे पसरलेले असतात. इटलीतल्या डोलोमाइट्सची ही खूण. पातागोनियातल्या तोरेस देल पाइनेमध्ये 'कुएर्नोस' म्हणजे शिंगांसारख्या शिखरांवर फिकट ग्रॅनाइटच्या डोक्यावर काळ्या खडकाची टोपी आहे. ती जोडी दिसली तर दुसरीकडे फार शोधायची गरज उरत नाही.

आता आपल्या फोटोकडे परत. भिंतीच्या पायथ्याकडे नीट पाहिलं तर काळ्या पायऱ्यांखाली, गवताळ उताराच्या वर, फिकट पिवळसर खडकाची एक आडवी पट्टी आहे. तो वालुकाश्म. काळ्या लाव्हाखाली असा फिकट वालुकाश्म उघडा पडणं ही ड्रॅकेन्सबर्गची खास ठेवण. तिथे वर बेसॉल्ट आणि खाली क्लॅरेन्स नावाचा वालुकाश्म आहे. तरीही नाव पक्कं करायचं नाही. फक्त यादीत वर घ्यायचं.

झाडं कुठे थांबतात, आणि कुठली थांबतात

वृक्षरेषा म्हणजे ज्या उंचीवर झाडं संपून गवत आणि दगड सुरू होतात ती रेषा. आल्प्समध्ये ती साधारण १८०० ते २३०० मीटरवर असते, कोलोरॅडोच्या रॉकीजमध्ये ३५०० मीटरच्या आसपास, हिमालयात बऱ्याच ठिकाणी ३६०० ते ४२०० मीटरवर, न्यूझीलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी १००० ते १४०० मीटरवर. फोटोत उंचीचा आकडा लिहिलेला नसतो, म्हणून नुसत्या आकड्यांचा फायदा कमी. जास्त उपयोगी आहे ते रेषेवरचं शेवटचं झाड.

नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरांत ते बहुधा बुटकं, पांढऱ्या खोडाचं बर्च असतं. आल्प्समध्ये सूचिपर्णी झाडं असतात आणि त्यांतला लार्च शरद ऋतूत सोनेरी होतो. न्यूझीलंडमध्ये सदाहरित बीच वृक्षांचं जंगल पुष्कळदा सुरीने कापल्यासारखं एका रेषेत संपतं आणि लगेच पिवळसर गवताचे झुबके सुरू होतात. पातागोनियात लेंगा नावाचं बीच असतं आणि ते एप्रिलच्या सुमारास लाल होतं. फोटोची तारीख एप्रिलची आणि पानं शरदातल्यासारखी लाल, हे एकत्र दिसलं की दक्षिण गोलार्ध जवळजवळ ठरला.

काही वनस्पती तर पत्ताच सांगतात. फांद्यांच्या टोकांना पानांचे मोठे गुच्छ असलेला राक्षसी सेनेसिओ दिसला की पूर्व आफ्रिकेतले उंच डोंगर: माउंट केनिया, किलिमांजारो, र्वेन्झोरी. मऊ लोकरीच्या पानांचा, खांबासारखा फ्रायलेहोन दिसला की कोलंबिया, व्हेनेझुएला किंवा इक्वेडोरमधला ओलसर पारामो, म्हणजे उंचावरचा गवताळ प्रदेश. हात वर केलेला सग्वारो निवडुंग फक्त सोनोरन वाळवंटात नैसर्गिकपणे वाढतो. निलगिरीवर मात्र विश्वास ठेवू नका, ती जगभर लावलेली आहे.

आपल्या फोटोतली वेडीवाकडी झाडं मोठी करून पाहिली तर टोकाला मोठी, वाटीसारखी फुलं आहेत. ती प्रोटिया, म्हणजे आफ्रिकेत वाढणारी फुलझाडं, असावीत. सह्याद्री, आइसलंड मागे पडले.

वनस्पतींचा आणखी एक उपयोग फार कमी लोक करतात: दिशा कळण्यासाठी. कोरड्या डोंगरांत, उदाहरणार्थ मध्य आशियातल्या तिएन शानमध्ये, स्प्रूसचं जंगल उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावर असतं आणि समोरचा उन्हाचा उतार नुसता गवताचा. उत्तर गोलार्धात झाडं आणि उशिरापर्यंत टिकलेला बर्फ उत्तरेच्या बाजूला, दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या बाजूला. दरीची एक बाजू दाट आणि दुसरी उघडी दिसली, तर कागदावर लगेच बाण काढा. त्या बाणामुळे पुढचा शोध निम्म्याने कमी होतो.

सावली काय सांगते आणि काय सांगत नाही

एकाच फोटोतल्या सावलीवरून गोलार्ध ओळखता येतो असा समज आहे. दिशा माहीत नसेल तर तो ओळखता येत नाही. एका सावलीतून फक्त सूर्याची उंची कळते. पण एकाच जागेवरून काही तासांच्या अंतराने काढलेले दोन फोटो असतील तर गोलार्ध कळतो. उष्ण कटिबंधाच्या बाहेर, उत्तर गोलार्धात जमिनीवरची सावली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, दक्षिण गोलार्धात उलट.

सूर्याची उंची काढणं सोपं आहे. समजा सपाट जमिनीवर १.२ मीटरची ट्रेकिंग काठी सरळ उभी आहे आणि तिची सावली ०.७ मीटर आहे. उंचीला सावलीने भागलं की १.७ येतात, म्हणजे सूर्य क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. तारीख २१ जून असेल, तर त्या दिवशी सूर्य ६० अंश किंवा त्याहून वर जातो अशाच जागा शिल्लक राहतात: ढोबळमानाने ६.५ अंश दक्षिण ते ५३.५ अंश उत्तर. आइसलंड, नॉर्वे, पातागोनिया, न्यूझीलंड एका झटक्यात बाद. फोटो दुपारचाच असेल असं नाही, म्हणून हे गणित जागा दाखवत नाही, फक्त अशक्य जागा खोडून काढतं. मला ते त्यासाठीच आवडतं.

रात्रीचे फोटो याहून उदार असतात. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितकंच त्या जागेचं उत्तर अक्षांश.

वाटेवरच्या खुणा

दगडावर रंगवलेला एक पट्टा पुष्कळदा सगळ्या खडकांपेक्षा जास्त सांगून जातो. नॉर्वेत दगडांच्या ढिगाऱ्यावर लाल रंगात इंग्रजी टी अक्षर असतं. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरी वाटेला पांढरा-लाल-पांढरा आणि कठीण वाटेला पांढरा-निळा-पांढरा पट्टा. ऑस्ट्रियात लाल-पांढरा-लाल. फ्रान्सच्या लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढऱ्याखाली लाल असे दोन आडवे पट्टे. स्लोव्हेनियात लाल वर्तुळाच्या आत पांढरा ठिपका. चेक प्रजासत्ताकात दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये लाल, निळी, हिरवी किंवा पिवळी रेघ. न्यूझीलंडमध्ये झाडावर ठोकलेला नारिंगी त्रिकोण. अमेरिकेतल्या अॅपलेशियन ट्रेलवर उभा पांढरा आयत.

फोटो चारशे टक्के मोठा करून प्रत्येक दगड आणि प्रत्येक खोड तपासा. दोन-तीन पिक्सेलचा लाल ठिपकाही पुरतो. रंगीत प्रार्थनापताकांवर मात्र विसंबू नका. गिर्यारोहक त्या सगळ्या खंडांत नेऊन बांधतात.

मग यंत्रांकडे वळा

उलट चित्रशोध, म्हणजे शब्दांऐवजी फोटो देऊन केलेला शोध, मी मुद्दाम इतक्या उशिरा सांगतोय. तो आधी केला तर दुसऱ्या कुणाची चूक आपल्या डोक्यात बसते. आमा दब्लमचा फोटो 'एव्हरेस्ट' म्हणून असंख्य ठिकाणी फिरतो. आपली यादी तयार झाल्यावर शोधा, म्हणजे मिळालेलं उत्तर ताडून पाहायला हाताशी काहीतरी असतं. फोटो पूर्ण देऊ नका. माणसं, तंबू, फुलं कापून टाका आणि फक्त आकाशरेषेची पट्टी द्या. गूगल लेन्स आणि यांडेक्स दोन्हीकडे द्या, आरसा-प्रतही द्या.

चित्रशोधातून काही मिळालं नाही तर ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशाची मदत घ्या. त्यावर चालणाऱ्या ओव्हरपास टर्बोमध्ये अटी घालून शोधता येतं: अमुक डोंगररांगेत, तळ्यापासून ५०० मीटरच्या आत निवारा असलेल्या सगळ्या जागा. यादी दहा-वीस जागांवर येते आणि मग एकेक पाहता येते.

उपग्रह चित्रांची ताकद एप्रिल २०२१ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरांत दिसली. हरवलेल्या एका ट्रेकरने मित्राला पाठवलेल्या फोटोत काजळीने काळे झालेले त्याचे पाय आणि खालची दरी एवढंच होतं. पोलिसांनी तो फोटो जाहीर केला. फोटोंच्या जागा शोधण्याचा छंद असलेल्या एका माणसाने उपग्रह चित्रांशी ताडून जागा सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तो ट्रेकर जिवंत सापडला. काजळी म्हणजे वणवा लागून गेलेला भाग. त्या एका खुणेने केवढा प्रदेश गाळला जातो याचा विचार करा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं सगळ्यांना मोफत पाहता येतात. त्यांत जमिनीचा १० मीटरचा तुकडा एक ठिपका असतो, आणि वणवा, बर्फ, तळ्याची पातळी तारखेनुसार तपासता येते.

आकाशरेषा जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पीकफाइंडर (कुठल्याही जागेवरून दिसणारी डोंगरांची रेषा काढून दाखवणारं अॅप) किंवा गूगल अर्थमध्ये अंदाजाच्या जागी 'उभे' राहा आणि समोरची रेषा फोटोशी ताडा. पण आधी या साधनांची मर्यादा समजून घ्या. जगभर वापरली जाणारी उंचीची एक मोठी आकडेवारी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानातल्या रडारने ११ दिवसांत गोळा केली, ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यातली. तिच्यात साधारण ३० मीटरवर एक आकडा आहे. त्यामुळे सुईसारखा सुळका संगणकावर बोथट टेकाड दिसतो. सुळक्यांची टोकं जुळवत बसू नका. खिंडी, धारेचे उतार आणि एका डोंगरामागून दुसरा जिथे डोकावतो ते बिंदू जुळवा.

नेमकी जागा काढण्याची युक्ती रांगेची आहे. फोटोत जवळच्या धारेतली खाच बरोबर दूरच्या शिखराखाली दिसते का? मग नकाशावर त्या शिखरापासून खाचेतून रेघ ओढा आणि अलीकडे वाढवा. फोटो काढणारा त्या रेघेवर कुठेतरी आहे. अशीच दुसरी जोडी शोधा, दुसरी रेघ ओढा. दोन्ही जिथे छेदतात तिथे तो उभा होता. जोडीतल्या दोन गोष्टींमध्ये अंतर जितकं जास्त, तितकी रेघ नेमकी.

संगणकावर जवळची सोंड शिखराच्या तुलनेत फोटोपेक्षा जास्त डावीकडे दिसत असेल, तर तुम्ही डावीकडे सरका, ती उजवीकडे जाईल. मागचं शिखर फोटोत जास्त डोकावत असेल तर वर चढा. हे पाच-सहा वेळा केलं की हात बसतो.

दोन शिखरांमधला कोनही तपासता येतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स आडवी सुमारे ७४ अंश पाहते, ५० ची ४० अंश, २०० ची १० अंश. ५० मिलिमीटरच्या फोटोत दोन शिखरं फोटोच्या एक-तृतीयांश रुंदीएवढी लांब असतील, तर त्यांच्यात अंदाजे १३ अंशांचा कोन असायला हवा. नकाशावर तो ३० अंश येत असेल तर तुम्ही फार जवळ उभे आहात, किंवा शिखरंच चुकीची धरली आहेत.

दिसणारी उंची आणि खरी उंची यांची गल्लत टाळा. एव्हरेस्टजवळच्या काला पत्थरवरून ७८६१ मीटरचं नुप्त्से ८८४८.८६ मीटरच्या एव्हरेस्टपेक्षा उंच वाटतं, कारण ते जवळ आहे. आणि एकच शिखर दोन बाजूंनी दोन वेगळे डोंगर वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटहून वाकलेल्या चोचीसारखं दिसणारं मॅटरहॉर्न इटलीच्या बाजूने रुंद आणि बसकं दिसतं. ओळखीचा आकार नाही म्हणून शिखर बाद करू नका.

आपली धनुष्याकृती भिंत आता तपासू. ड्रॅकेन्सबर्गच्या उत्तर भागात सुमारे पाच किलोमीटर लांबीची 'अॅम्फिथिएटर' ही भिंत आहे. रॉयल नाताल उद्यानातून तिच्याकडे पाहताना तोंड ढोबळमानाने दक्षिणेकडे असतं. तेव्हा ईस्टर्न बट्रेस आणि त्याच्या शेजारचा डेव्हिल्स टूथ सुळका डाव्या टोकाला आणि सेंटिनेल शिखर उजव्या टोकाला यायला हवं. फोटोत बारीक सुळका उजवीकडे असेल तर फोटो उलटा आहे. आणखी एक पडताळा उन्हाचा. दक्षिणेकडे पाहताना समोरची भिंत उन्हात न्हालेली असेल, तर ते उत्तरेकडून ऊन येणाऱ्या दक्षिण गोलार्धाशी जुळतं. राहिलं ते थुकेला नदीच्या घळीकडे जाणाऱ्या वाटेवर पुढेमागे सरकून जवळच्या सोंडा जुळवणं.

स्वतःचं उत्तर मोडून पाहा

जुळलेल्या गोष्टी मोजू नका, न जुळणारी एक शोधा. एखादी धार नकाशात आहे आणि फोटोत नाही, त्या भागात न उगवणारं झाड आहे, त्या तारखेला त्या खिंडीत बर्फ असायला हवा होता आणि नाही. अशी एक जरी गोष्ट समजावून सांगता आली नाही, तरी उत्तर 'कदाचित' या खान्यात ठेवा. सरावासाठी स्वतःचे जुने फोटो वापरा. खरी जागा माहीत असल्यामुळे आपण नेमके कुठे घसरतो ते कळतं.

सापडलेली जागा कुणाला सांगायची

हायपेरियन हे कॅलिफोर्नियातलं ११५ मीटरहून उंच रेडवूड, जगातलं सगळ्यात उंच ज्ञात झाड, २००६ मध्ये सापडलं. जागा गुप्त ठेवली होती, तरी लोकांनी ती शोधून पसरवली. वाट नसलेल्या जंगलात इतके पाय पडले की बुंध्याभोवतीचे नेचे तुडवले गेले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाने तो भाग बंद करून ५००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये सापडलेल्या वोलेमी पाइनची जागाही गुप्त आहे, कारण बुटांच्या मातीतून जाणारा मुळं कुजवणारा रोग त्या मोजक्या झाडांना मारू शकतो.

म्हणून मी उत्तर देण्याआधी तीन गोष्टी पाहतो: तिथे मळलेली वाट आहे का, फोटोत घरटं, दुर्मीळ वनस्पती किंवा कोरीव खडक आहे का, आणि विचारणारा जागा शोधतोय की तिथे गेलेला माणूस. वाट असेल आणि बाकी काही नसेल तर नकाशावरचा बिंदू खुशाल देतो. एरवी डोंगररांगेचं नाव सांगून थांबतो. आणि फोटोतल्या माणसाचा माग काढण्यासाठी कुणी विचारत असेल, तर डोंगररांगेचं नावही सांगत नाही.